सुरतेचा सुतार मुंबईत आला आणि जहाजांच्या तळाची चिंता मिटली : गोष्ट लवजी वाडियांची

उरणच्या मोरा बंदरावर पावसाळ्यात गेलात तर होड्या पाण्यात कमी आणि किनाऱ्यावर जास्त दिसतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हेच दिवस होडीच्या डागडुजीचे. पावसाने उघडीप दिली की तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, कुजलेली फळी काढून नवी बसवायची, फटी बुजवायच्या, वरून रंगाचा हात द्यायचा. नारळी पौर्णिमा जवळ आली की भाऊबंद, शेजारी, मित्र असे सगळे गोळा होतात आणि होडी परत पाण्यात लोटली जाते. एकट्यादुकट्याचं हे काम नाही.

याच मोऱ्यातून लाँच पकडली की पलीकडे मुंबईचा भाऊचा धक्का. तिथून थोडं दक्षिणेला, फोर्टातल्या लायन गेटच्या आत, भारतीय नौदलाची गोदी आहे. कोळी बांधव मोऱ्यात आपल्या होडीचं जे करतात, तेच शेकडो टनांच्या लढाऊ जहाजांचं करायची सोय या गोदीत सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी उभी राहिली.

ज्या माणसाच्या हाताखाली हे काम नावारूपाला आलं त्याचं नाव लवजी नसरवानजी वाडिया.

वाडिया म्हटलं की आज बॉम्बे डाईंग आठवतं, ब्रिटानिया आठवतं. परळचं वाडिया हॉस्पिटल आणि पुण्याचं वाडिया कॉलेज आठवतं. पण या घराण्याची सुरुवात कापडाने झाली नाही आणि बिस्किटानेही नाही. ती झाली करवत, तासणी आणि सागवानाच्या फळीने. वाडिया या आडनावाचा अर्थच मुळी जहाज बांधणारा सुतार.

आधी प्रश्न समजून घेऊ, तळ खरवडायचा कशाला?

लाकडी जहाजाचा सगळ्यात मोठा शत्रू वादळ किंवा तोफ असेल असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात तो पाण्याखाली असतो आणि बोटभर जाडीचाही नसतो.

टेरेडो नावाचा एक जीव आहे. दिसतो अळीसारखा, पण जात शिंपल्याची. तो लहान असतानाच लाकडात शिरतो आणि आत बोगदे खणत मोठा होतो. बाहेरून फळी धडधाकट दिसते, आत मात्र मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चाळण झालेली असते. गरम समुद्रात याचा त्रास फार. युरोपातून ओकच्या लाकडाची जहाजं हिंदी महासागरात आली की बघता बघता त्यांचे तळ पोखरले जायचे.

दुसरा त्रास शैवाल आणि शिंपल्यांचा. काही महिने जहाज पाण्यात राहिलं की तळावर त्यांचा थर चढतो. तळ खडबडीत झाला की जहाज जड चालतं. शिडाच्या जहाजाला इंजिन नसतं, त्यामुळे वेग कमी झाला की महिन्याच्या प्रवासाला दीड महिना लागतो. पिण्याचं पाणी संपतं, खलाशी आजारी पडतात. लढाईत तर मागे राहिलेलं जहाज शत्रूच्या तावडीत सापडलंच म्हणून समजा.

म्हणजे ठराविक काळाने जहाजाचा तळ पाण्याबाहेर काढून साफ करणं हा हौसेचा भाग नव्हता, जीवनमरणाचा होता.

लहान होडी किनाऱ्यावर ओढून घेता येते. मोठ्या जहाजाचं काय करणार? जुनी पद्धत अशी होती की भरतीला जहाज किनाऱ्याजवळ आणायचं, तोफा आणि माल उतरवून ते हलकं करायचं आणि दोरखंडांनी ओढून एका कुशीवर कलतं करायचं. एक बाजू उघडी पडली की ती घासायची, मग दुसऱ्या कुशीवर. यात सांधे ढिले व्हायचे, कधी तळाच्या मुख्य तुळईला तडा जायचा. वजन जितकं जास्त, तितकी भीती जास्त.

यावर उत्तर होतं कोरडी गोदी. पण त्या काळी पूर्वेच्या समुद्रात वावरणाऱ्या इंग्रजांकडे अशी गोदी नव्हती.

सुरतेत एक फोरमन होता

लवजींचा जन्म १७०२ चा, सुरतजवळचा. सुरत हे तेव्हा मुघल साम्राज्याचं मोठं बंदर होतं. हजला जाणारी जहाजं इथूनच निघायची. तिथल्या पारशी सुतारांचं जहाजबांधणीत नाव होतं.

त्यांची फळ्या जोडायची रीतच वेगळी होती. युरोपात दोन फळ्या नुसत्या कडेला कड लावून ठेवत आणि मधली फट बुजवत. सुरतेचे सुतार फळीच्या कडेला खाच पाडत आणि दुसरी फळी त्या खाचेत घट्ट बसवत. सांध्यात राळ लावलेला कापूस असे. पाण्याखालच्या भागावर तेलात घोटलेला चुना लावायचा. त्याने कीड लाकडाला लवकर शिवत नसे.

आणि लाकूड कोणतं, तर सागवान. सागात स्वतःचं तेल असतं. त्यामुळे ते लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेले लोखंडी खिळेही टिकतात. ओकच्या लाकडातल्या आम्लाने खिळे गंजतात, सागात तसं होत नाही. म्हणूनच सुरतेची जहाजं युरोपातल्या जहाजांपेक्षा कितीतरी जास्त वर्षं चालत.

१७३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेत एक जहाज बांधायला दिलं. काम घेतलं होतं धनजीभाई नावाच्या नामवंत कारागिराने. मुंबईच्या गोदीतला डडली नावाचा अधिकारी देखरेखीसाठी तिथे गेला. त्याची नजर धनजीभाईंच्या हाताखालच्या फोरमनवर पडली. हा फोरमन म्हणजे लवजी.

डडलीने त्यांना मुंबईला येण्याची गळ घातली. कंपनीची नोकरी, नवं शहर, स्वतंत्र काम, सगळं समोर ठेवलं. लवजींची परिस्थिती काही फार बरी नव्हती. तरीही त्यांनी लगेच होकार दिला नाही. हातातलं जहाज पूर्ण होऊन कंपनीच्या ताब्यात जाईपर्यंत ते मालकाला सोडून जायला तयार नव्हते. जहाज तयार झालं, धनजीभाईंनी परवानगी दिली, तेव्हाच ते निघाले.

महत्त्वाचं म्हणजे ते एकटे निघाले नाहीत. आपल्यासोबत काम करणाऱ्या काही सुतारांनाही त्यांनी राजी केलं आणि १७३६ मध्ये ही मंडळी मुंबईत उतरली.

जहाजाचं काम एका उस्तादाने होत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एक लाकूड निवडणारा लागतो, एक खाच पाडणारा, एक खिळे ठोकणारा, एक फटी भरणारा. एकमेकांच्या हाताची सवय असलेली माणसं लागतात. डडलीला एक फोरमन हवा होता. त्याला मिळाली आख्खी तुकडी.

मग मुंबईच का?

तेव्हाची मुंबई म्हणजे आजची मुंबई नव्हे. सात बेटं, खाजणं आणि मध्ये किल्ला. व्यापारात सुरत तिच्या कितीतरी पुढे होती. पण सुरत तापी नदीच्या आत वसलेली आणि नदी गाळाने भरत चाललेली. मोठ्या जहाजांना बाहेरच नांगर टाकावा लागे. त्यात मुघल सत्ता खिळखिळी झाल्याने तिथल्या गोंधळाचा कंपनीला भरवसा वाटेना.

मुंबईकडे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे पावसाळ्यातही जहाजांना आसरा देणारं खोल आणि बंदिस्त बंदर. दुसरी म्हणजे भरती-ओहोटी.

ही दुसरी गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण गोदीचं सगळं गणित तिच्यावर आहे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास समुद्राला उधाण येतं. तेव्हा मुंबई बंदरात भरती आणि ओहोटीच्या पाण्याच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, तेव्हा हा फरक कमी होतो. मोऱ्याहून लाँचने ये-जा करणाऱ्यांना हे गणित वेगळं सांगायला नको. गाळ आणि मोठी ओहोटी एकत्र आली की लाँच धक्क्याला लागत नाही आणि प्रवासी ताटकळत बसतात.

जी ओहोटी प्रवाशाला अडवते, तीच जहाज दुरुस्त करणाऱ्याला मदत करते. किनाऱ्यात खोल खड्डा घ्यायचा, त्याला दगडी भिंती बांधायच्या, समुद्राच्या बाजूला दरवाजा ठेवायचा. उधाणाच्या भरतीला जहाज तरंगत आत आणायचं. ओहोटीबरोबर पाणी आपोआप बाहेर जातं. दरवाजा बंद केला की आत जहाज टेकूंवर उभं आणि त्याचा आख्खा तळ उघडा. काम संपलं की पुढच्या उधाणाला दरवाजा उघडायचा, पाणी आत आलं की जहाज पुन्हा तरंगतं.

वाफेचे पंप नसलेल्या काळात चंद्रच पंपाचं काम करत होता. मद्रासला ही सोय नव्हती. तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटर आणि बंदर म्हणाल तर उघडा किनारा.

लाकूड आणायला जंगलात

मुंबईत आल्यावर लवजींसमोर पहिला प्रश्न होता लाकडाचा. बेटांवर सागवान नव्हतं. दुसऱ्याच वर्षी त्यांना उत्तरेकडे लाकूड खरेदीला पाठवण्यात आलं. जिथे साग वाढतो त्या जंगलपट्ट्यातल्या लोकांशी त्यांनी बोलणी केली, पुरवठ्याचा करार केला आणि परतताना आपलं कुटुंबही मुंबईला आणलं. आता सुरतेला परत जायचं नाही हे ठरलं होतं.

त्या वर्षांत या किनाऱ्यावर राजकारण झपाट्याने बदलत होतं. १७३७ मध्ये मराठ्यांची वसई मोहीम सुरू झाली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. साष्टी गेली, उरणचा टापूही पोर्तुगीजांच्या हातून मराठ्यांकडे आला. म्हणजे लवजी मुंबईच्या गोदीत काम करत होते तेव्हा समोरचा मोऱ्याचा किनारा मराठी मुलखात होता. दोन सत्तांमध्ये अंतर होतं ते फक्त खाडीच्या पाण्याचं.

खाली कोकणात आंग्र्यांचं आरमार होतं. तळ साफ करण्याची विद्या त्यांच्याकडेही होती. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे वाघोटन खाडीत खडक खोदून केलेली गोदी आजही बघायला मिळते. ती आंग्र्यांची गोदी म्हणून ओळखली जाते आणि तिची लांबी शंभर मीटरहून जास्त आहे. तिथेही काम भरती-ओहोटीच्या जोरावरच चाले. मुंबईच्या गोदीला बऱ्याचदा आशियातली पहिली कोरडी गोदी म्हटलं जातं, तेव्हा गिर्ये विसरून चालणार नाही.

गोदी उभी राहिली

१७५० च्या सुमारास मुंबईत पहिली कोरडी गोदी तयार झाली. तिला पुढे आणखी दोन भाग जोडले गेले आणि १७६५ पर्यंत एकामागे एक अशा तीन गोद्यांची रांग उभी राहिली. गोदी बांधण्याचा निर्णय आणि पैसा कंपनीचा होता. पण आत आलेल्या जहाजाचं काय करायचं हे ठरवणारी नजर होती मुख्य कारागीर लवजींची.

जहाज आत आलं की पहिलं काम खरवडण्याचं. शिंपले सुकले की ते दगडासारखे घट्ट होतात, म्हणून तळ ओला असतानाच हात चालवावा लागतो. मग फळ्या ठोकून बघायच्या. धडधाकट लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोखरलेल्याचा भदभद. खराब फळी काढायची, त्याच मापाची नवी तासून खाचेत बसवायची. सांध्यांत कापूस ठासायचा, राळ आणि तेल भरायचं. शेवटी तळाला चुन्याचा लेप. इंग्लंडच्या नौदलाने जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकायला १७६० च्या दशकात सुरुवात केली, पण तो सर्रास व्हायला १७८० उजाडलं. तोवर सगळी भिस्त या लेपावर आणि तो लावणाऱ्या हातांवर होती.

आणि हे सगळं तिथीवर चालायचं. पुढच्या उधाणापर्यंत काम आटोपलं तर ठीक. नाही आटोपलं तर जहाज आणखी पंधरा दिवस आत अडकून पडणार आणि बाहेर दुसरं वाट बघत राहणार. त्यामुळे शंभर हात एकाच वेळी एकाच तळावर चालवायचे आणि कुणी कुणाच्या आड येऊ नये हे बघायचं, यातच लवजींची खरी उस्तादी होती.

नवी जहाजंही त्यांनी बरीच बांधली. जहाज पाण्यात उतरलं की समारंभ होतो, नाव कोरलं जातं. तळ साफ करून परत पाठवलेल्या जहाजाचं नाव कुणी लिहून ठेवत नाही. पण मुंबईचा भाव वाढला तो या दुसऱ्या कामाने. पूर्वेकडच्या इंग्रजी युद्धनौका दुरुस्तीसाठी इकडे येऊ लागल्या. जहाज गोदीत असलं की खलाशी शहरात राहायचे, त्यांना धान्य लागायचं, दोरखंड लागायचे, शिडांचं कापड लागायचं. त्यामागे व्यापारी आले, लोहार आले, दोर वळणारे आले. बघता बघता गोदीभोवती शहर वाढलं.

या गोष्टीची दुसरी बाजू

ज्या बंदरात जहाज दुरुस्त होतं, त्या बंदरातून ते लढाईलाही निघतं.

१७५५ च्या नोव्हेंबरात अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफा मुंबईला आला. रॉबर्ट क्लाइव्हही मुंबईतच होता. तेव्हा तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांच्यातलं वैर टोकाला गेलं होतं आणि पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली होती. १७५६ च्या फेब्रुवारीत हा ताफा मुंबईहून निघाला आणि विजयदुर्ग पडला. किल्ल्याच्या आश्रयाला असलेलं आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. मराठ्यांच्या समुद्रावरच्या ताकदीला तो फार मोठा फटका होता.

लवजींचा त्या लढाईशी थेट संबंध नाही. ते सुतार होते, पगारावर काम करत होते. पण आरमार जळालं की ते पुन्हा उभं करायला लाकूड, कारागीर, पैसा आणि वेळ लागतो. इंग्रजांचं एखादं जहाज जायबंदी झालं तर ते मुंबईत परत येऊन गोदीत शिरे आणि पुढच्या उधाणाला नाहीतर त्यापुढच्या बाहेर पडे. समुद्रावर टिकून राहण्यासाठी तोफांइतकीच अशी गोदीही लागते, हे त्या काळाने दाखवून दिलं.

बारा रुपये पगाराचे नातू

लवजींनी आपले मुलगे माणेकजी आणि बमनजी यांना याच कामात घातलं. नातू फ्रामजी आणि जमशेटजी गोदीत आले तेव्हाही त्यांना आजोबांच्या नावावर मोठी जागा मिळाली नाही. साधे सुतार म्हणून महिना बारा रुपयांवर त्यांनी सुरुवात केली. आधी हातात हत्यार, मग हुकूम, हा घरचा नियम होता.

१७७४ मध्ये लवजी गेले. तब्बल ३८ वर्षं कंपनीच्या गोदीत काम केलेल्या माणसाने मागे काय ठेवलं? एक घर आणि वीस हजारांपेक्षा कमी रुपये. ज्यांच्या हाताखालून लाखो रुपयांची जहाजं आणि लाकडाचे मोठमोठे व्यवहार गेले, त्यांची एवढीच शिल्लक. त्या काळी कंपनीचे कितीतरी अधिकारी काही वर्षांत गब्बर होऊन मायदेशी परतत होते, हे लक्षात घेतलं की हा आकडा जास्त बोलका वाटतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि साष्टीपाठोपाठ उरणचा टापूही त्यांच्याकडे गेला. १७८२ च्या सालबाईच्या तहात तो कायमचा त्यांचा झाला. लवजींनी आयुष्यभर समोर पाहिलेला मराठ्यांचा किनारा त्यांच्या मागोमाग गेला.

पण लवजींनी लावलेली घडी टिकली. मुख्य कारागिराचं पद वाडिया घराण्यात जवळपास दीडशे वर्षं राहिलं. बारा रुपयांवर लागलेल्या जमशेटजी बमनजींनी पुढे इंग्लंडच्या नौदलासाठी मोठमोठ्या युद्धनौका बांधल्या. त्यांनी बांधलेल्या कॉर्नवॉलिस जहाजावर १८४२ मध्ये चीन आणि ब्रिटनमधला नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग ब्रिटिशांकडे गेलं.

त्यांचंच आणखी एक जहाज म्हणजे ट्रिंकोमाली. ते १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलं. १९८७ मध्ये ते इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे आणलं गेलं तेव्हा त्याची अवस्था वाईट होती. १९९० ते २००१ अशी दहा-अकरा वर्षं त्याची दुरुस्ती चालली. जुन्या फळ्या तपासल्या, कुजलेल्या बदलल्या, सांधे भरले. त्याच्या सांगाड्यात मुंबईत बसवलेलं सागवान मोठ्या प्रमाणात आजही शाबूत आहे. दोनशे वर्षं उलटून गेली तरी ते जहाज पाण्यावर तरंगतंय आणि लोक तिकीट काढून ते बघायला जातात.

आणि लवजींच्या काळात बांधली गेलेली मुंबईची ती जुनी गोदी? ती संग्रहालय झालेली नाही. नौदलाच्या ताब्यात ती आजही वापरात आहे.